ॲट म्हणजे ठिपका

मंगळवारी सहाला, कितीही धुतले तरी मासळीचा वास न सुटलेले हात
टेबलाखाली लपवून आम्ही बसतो
ग्रिम्सबीच्या वाचनालयात, वरच्या मजल्यावर.
ब्रॉकल्सबी बाई पिशवीतून डबा काढतात.
बिस्किट डब्यात : इन.
बिस्किट डब्यावर : ऑन.
बिस्किट हबतोमच्या तोंडात : हेही इनच,
आणि बाई हसून दुसरं काढतात, वर्ग पुढे चालू.

इथवर सोपं. मग रस्त्यावर यावं लागतं.
मोटारीत बसलात तर इन,
बसमध्ये बसलात तर ऑन.
का म्हणून? मी काय टपावर बसून येते?
बाई म्हणतात, जिथे उभं राहून चार पावलं टाकता येतात
तिथे ऑन. जिथे अंग मुडपून शिरावं लागतं, तिथे इन.
शिलान लिहून घेते.
ती ज्या ट्रकमधून आली त्यात सगळे उभेच होते,
पाऊल टाकायला मात्र जागा नव्हती.
ती लिहिलेलं खोडते. विचारत काही नाही.

माझी भाषा हंगेरियन. आमच्याकडे असले शब्द
नावाच्या शेपटीला चिकटतात :
आधी घर, मग त्याचं आत, त्याचं बाहेर.
इंग्रजीत आधी आत शिरायचं,
कशाच्या, ते नंतर कळतं.
किती विश्वासू माणसं ही!

ग्राझिना माझ्या शेजारी मासे साफ करते, बावीस वर्षं.
ती म्हणते, मोठे शब्द म्हणजे पाठीचा कणा,
सुरीच्या एका ओढीत निघतो.
हे बारीक काटे. डोळ्यांना दिसायचे नाहीत.
शेपटीकडून डोक्याकडे बोट फिरवायचं, उलटं,
टोचलं की कळतं, इथे आहे.

आज ॲट होता.
ॲट म्हणजे ठिपका, बाईंनी खडूनं फळ्यावर टिचकी मारली.
आत नाही, वर नाही, लांबी-रुंदी नाही,
फक्त बोट ठेवायची जागा.
दारापाशी. सहाला. घरी.
आम्ही पंधरा जणांनी आपापल्या वहीत ठिपका काढला.

आणि माझं घोडं अडलं.
गोदीजवळ दगडात कोरलेली नावं आहेत,
कामावर जाताना रोज वाचते. वर लिहिलंय :
लॉस्ट ॲट सी.
मी म्हटलं, बाई, माझ्या देशाला समुद्र नाही,
मला माहीत नाही, पण एवढ्या पाण्यात ठिपका कुठला?
बुडाला तर इन. तरंगला तर ऑन.
बाईंनी डब्याचं झाकण लावलं. काढलं.
म्हणाल्या, वाक्प्रचार आहे. पाठ करून टाका.

जिन्यात कोटाची बटणं लावताना म्हणाल्या,
माझा भाऊ, डेरिक. ट्रॉलरवर स्वयंपाकी होता,
एकोणीस वर्षांचा, अंडीसुद्धा करपवायचा.
आई रोज रेडिओवरचं हवामान ऐकायची
आणि भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवायची,
आज इथे असेल.
बोट रोज सरकायचं, नखाएवढं.
एका दिवसानंतर सरकलं नाही.
ती मात्र ठेवत राहिली, रात्री भांडी झाल्यावर,
ओल्या हातानं, त्याच जागी.
कागद पातळ झाला, मग भोक पडलं.
मागची भिंत दिसायची, हिरवी.

एवढंच. मग त्यांनी विचारलं, तुझी बस कितीची?
मी सांगितलं, सव्वाआठची,
आणि त्यांनी सवयीनं माझं वाक्य दुरुस्त केलं.

बस रिकामी होती. मी बसले नाही.
ड्रायव्हरनं आरशातून पाहिलं.
दांडा धरून मागे गेले, पुढे आले,
चार पावलं, मोजून.
ऑन.
खिडकीबाहेर, घरं संपतात तिथून पुढे सगळा काळोख,
आणि त्यात कसलासा दिवा, बहुधा जहाजाचा.
मी काचेवर बोट ठेवलं.
बस हलत होती, बोट तिथे राहीना.